आधी वैनगंगा, मग देशाटन

नवी दिनदर्शिका घरात आली की पहिल्या आठवड्यातच तिच्यावर खुणा होऊ लागतात. लग्नाचे मुहूर्त, परीक्षांच्या तारखा, विम्याचा हप्ता, शेती असलेल्या घरांत रोवणीचा अंदाज. खूण नसते ती केवळ सुट्टीची. सुट्टी आपोआप येते, तिचे नियोजन कसले करायचे, अशी आपली समजूत झालेली आहे. मग एप्रिलच्या अखेरीस धावपळ सुरू होते. आरक्षण मिळत नाही, मिळते ते प्रतीक्षा यादीतले. शेजारी कोठे जाऊन आले याची चौकशी होते, प्रवासी कंपनीची जाहिरात पाहिली जाते आणि अखेर जेथे सगळे जातात तेथे, सगळे जातात तेव्हाच, दुप्पट पैसे मोजून आपणही जातो. रजा प्रवास सवलतीची मुदत संपत आली म्हणून बॅगा भरणारी कुटुंबेही कमी नाहीत. परत आल्यावर छायाचित्रे पुष्कळ असतात. मुलांना काय पाहिले असे विचारले तर उत्तर मात्र हॉटेलच्या खोलीपाशी थांबते.

हा दोष मुलांचा नाही. घराने विचार केला नाही म्हणून सुट्टी वाया गेली, एवढाच त्याचा अर्थ. भंडारा जिल्ह्यातील वाचकांपुढे आज हा विषय मांडावासा वाटतो, कारण सुट्टीच्या नियोजनातील आपली सर्वात मोठी चूक या जिल्ह्यात जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल. आपण सुट्टी चुकीच्या ऋतूत शोधतो आणि दूरच्या टोकाकडून सुरुवात करतो.

प्रथम ऋतूचा विचार करू. मे महिन्यात वैदर्भीय उन्हाचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. येथील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामागे हेच ऊन आहे. त्या दिवसांत डोंगरावर वा समुद्राकाठी पळून जाण्याची इच्छा स्वाभाविक आहे. परंतु त्यामुळे 'सुट्टी म्हणजे मे' हे समीकरण मनात इतके पक्के झाले आहे की दिवाळीपासून माघापर्यंतचा काळ आपण सुट्टीच्या हिशेबात धरतच नाही. वास्तविक झाडीपट्टीचा खरा ऋतू तोच आहे. पाऊस उलगडलेला असतो, तलाव काठोकाठ भरलेले असतात, धानाचा सुगंध शेतांवर असतो आणि पहाटेच्या धुक्यात हिमालय ओलांडून आलेले पाहुणे पक्षी पाण्यावर उतरलेले असतात.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. दंडार, खडी गंमत, रात्रभराचे नाटक, लेकीबाळींचे माहेरी येणे, सोयऱ्यांना आग्रहाचे निमंत्रण. एका गावची मंडई एका दिवशी, शेजारच्या गावची दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाहुण्यांना दोन्हीकडे जाता येते. पर्यटनाचा हंगाम, निवासाची सोय, मनोरंजन आणि खर्चाची मर्यादा या सर्वांचा विचार या व्यवस्थेत आहे, आणि तो कोणत्याही व्यवस्थापन शास्त्राच्या पदवीशिवाय झालेला आहे. सुट्टीचे नियोजन ही पाश्चात्त्यांची देणगी आहे असे मानणाऱ्यांनी एकदा मंडईच्या तारखा कशा ठरतात ते पाहावे.

आता दिशेचा विचार. भंडाऱ्यातील मध्यमवर्गीय घरातील किती मुलांनी पवनी पाहिली आहे? जिल्ह्याच्या ठिकाणापासून सुमारे ४५ किलोमीटरवर वैनगंगेच्या काठी हे नगर आहे. एका बाजूस नदी आणि उरलेल्या तीन बाजूंस तटबंदी व खंदक, अशी त्याची प्राचीन रचना. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीखाली दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच नगरात विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी सर्वतोभद्र गणेश आहे. दुसरा, भृशुंड गणेश, थेट भंडाऱ्यालगत मेंढा येथे आहे. एका दिवसात इतिहास, देवदर्शन आणि नदी, आणि संध्याकाळी घरी परत. यासाठी ना आरक्षण लागते ना मोठी रक्कम. लागते ती एक तारीख, आधी ठरवलेली.

पवनीजवळच गोसीखुर्दचे धरण आहे. १९८८ मध्ये त्याची पायाभरणी झाली. त्या विस्तीर्ण जलाशयात जलपर्यटनाचा प्रकल्प शासनाने हाती घेतला आहे, ही आनंदाची गोष्ट. पण मुलांना नौकेत बसवण्यापूर्वी एक गोष्ट जरूर सांगावी, की या पाण्याखाली माणसांची गावे, देवळे आणि शेते गेली आहेत. कोणाच्या तरी त्यागावर आपली सहल उभी आहे, हे कळलेले मूल पाण्यात प्लास्टिकची बाटली फेकताना थबकेल.

उत्तरेकडे निघालो तर तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आंबागडचा किल्ला आहे. देवगडच्या बख्त बुलंद शाहचा सुभेदार राजखान पठाण याने तो सुमारे १७०० साली उभारला; पुढे भोसल्यांच्या काळात त्याचा उपयोग बंदीखाना म्हणून होऊ लागला. जवळच गायमुख आहे, जेथे महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते, आणि चांदपूरचा जलाशय व तेथील हनुमान मंदिर आहे. किल्ला म्हटला की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे केवळ सह्याद्री येतो, आणि ते योग्यच आहे. परंतु गोंड राजवट आणि नागपूरकर भोसले यांचा वारसा सांगणारा एक गड आपल्याच जिल्ह्यात उभा आहे, हे त्यांना कोण सांगणार?

पूर्वेस साकोली तालुक्यातील पिटेझरीतून नागझिऱ्याच्या अरण्यात जाता येते. १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. भंडाऱ्याजवळचे कोका अभयारण्यही त्याचाच भाग आहे. या रानाने मराठी साहित्याला किती दिले याचा हिशेब मांडला तर अभिमान वाटेल. व्यंकटेश माडगूळकर येथे येऊन राहिले आणि त्यांनी 'नागझिरा' लिहिले. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून काढलेल्या दिवसांतून नवेगावबांध मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचले. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत नवेगावबांधही भंडाऱ्यातच होते. सुट्टीसाठी प्रेरणा कोठून घ्यावी असा प्रश्न अनेकांना पडतो. आमचे उत्तर सरळ आहे. जेथे जायचे तेथले एक पुस्तक महिनाभर आधी घरात आणा आणि रात्रीच्या जेवणानंतर रोज चार पाने मोठ्याने वाचा. जाहिरात ठिकाणाचे नाव सांगते. पुस्तक तेथे काय पाहायचे ते शिकवते.

अरण्याचा विषय निघाला म्हणून एका कटू प्रसंगाची आठवण करून देणे भाग आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या गोठणगाव भागात पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. ते चित्रण देशभर पाहिले गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. नागपूर आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेले हे अभयारण्य २०१२ मध्ये घोषित झाले. 'जय' या वाघामुळे त्याची कीर्ती दूरवर गेली आणि २०१६ मध्ये तोच जय नाहीसा झाला. त्या दिवशीच्या वाहनचालकांना दोष देऊन आपण मोकळे होऊ शकतो. पण वर्षाच्या शेवटच्या दिवशी, सर्वांनी एकाच वेळी, 'वाघ दिसलाच पाहिजे' या हट्टाने रानात शिरायचे, हे ज्या घरांत ठरते त्या घरांचा त्यात काहीच वाटा नाही काय? प्रवासी आग्रह धरतो म्हणून चालक गाडी पुढे दामटतो. महिनाभर आधी, गर्दी नसलेला आठवड्यातला दिवस पाहून आलेले कुटुंब वाघ दिसला नाही तरी समाधानाने परतते, कारण ते रान पाहायला आलेले असते. नियोजन ही केवळ आपल्या सोयीची गोष्ट आहे असे वाटते. प्रत्यक्षात ज्या भूमीवर आपण पाहुणे म्हणून जातो तिच्याविषयीचे ते कर्तव्य आहे.

हीच गोष्ट तलावांची. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले आणि राखलेले हे तलाव १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर 'माजी मालगुजारी' झाले, आणि नावातल्या 'माजी'बरोबर त्यांची निगाही मागे पडली. कितीतरी तलावांत गाळ भरला, काही ठिकाणी अतिक्रमण झाले. महाराष्ट्रात सारस पक्षी आज प्रामुख्याने गोंदिया-भंडाऱ्याच्या याच धानपट्ट्यात तग धरून आहे. जो तलाव कोणी पाहायला जात नाही, त्याच्या दुरवस्थेविषयी कोणी अर्जही करीत नाही. वर्षातून एकदा जरी शंभर कुटुंबे आपल्या मुलांसह एका तलावाच्या बांधावर जाऊन बसली, तरी त्या तलावाला शंभर कैवारी मिळतील.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. या ठिकाणी सोयी कोठे आहेत? दिशादर्शक फलक नाहीत, स्वच्छतागृहे नाहीत, माहिती सांगणारा कोणी नाही, सायंकाळनंतर एसटी नाही. महिलांना आणि वृद्धांना घेऊन जायचे कसे? प्रशासनाने या प्रश्नांची उत्तरे दिलीच पाहिजेत. एखाद्या सोहळ्याच्या खर्चात कितीतरी ठिकाणी पाण्याची आणि स्वच्छतागृहांची सोय होऊ शकते. परंतु सोयी आधी की लोक आधी, या वादात पिढी मोठी होऊन नोकरीसाठी पुण्याला निघून जाते. स्थानिक शाळा, मंडळे आणि महाविद्यालयीन तरुण यांनी पुढाकार घेऊन पवनी वा आंबागड समजावून सांगणारे चार जण तयार केले, तर शासनाच्या निविदेची वाट पाहावी लागणार नाही. शिवाय आपण येथे खर्च केलेला रुपया येथेच राहतो. मोहाडी-आंधळगावकडचे कोशाचे विणकर, भंडाऱ्याचे पितळी भांड्यांचे कारागीर, भौगोलिक मानांकन मिळालेला चिन्नोर पिकवणारा शेतकरी यांच्या दारात जाऊन केलेली खरेदी हीही सहलच आहे.

कार्यकर्त्यांच्या घरांविषयीही दोन शब्द स्पष्टपणे लिहायला हवेत. तेथे सुट्टीचा विषय बहुधा सर्वात शेवटी येतो. मे महिन्यात वर्ग आणि शिबिरे, दिवाळीत कार्यक्रम, डिसेंबरात प्रवास. गृहिणी समजून घेते, आईवडील काही बोलत नाहीत, मुले वाट पाहून थकतात. समाजासाठी वेळ देणाऱ्याने घराला वेळ देऊ नये, असा कोठलाही नियम नाही. बैठकीची तारीख तीन महिने आधी ठरते, मग कुटुंबाच्या तीन दिवसांची का ठरू नये? एकदा लिहिलेली ती तारीख अन्य कोणत्याही कार्यक्रमासाठी पुसली जाणार नाही, एवढा निश्चय पुरेसा आहे.

नियोजनाची पद्धत अवघड नाही. वर्षारंभी घरातील सर्वांनी एकत्र बसावे, आजी-आजोबा आणि मुले यांच्यासह. एक दिवसाच्या चार सहली जिल्ह्यात, तीन दिवसांचा एक मुक्काम विदर्भात आणि आठ-दहा दिवसांचा एक प्रवास देशात, असा आराखडा करावा. खर्चासाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवावी, म्हणजे कर्जाच्या हप्त्यावर फिरण्याची वेळ येणार नाही. लांबच्या प्रवासासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुले होत असे; १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली आहे. त्यामुळे आता उशिरा विचार केला तरी चालेल, असा अर्थ कोणी काढू नये. आरक्षण खुले होते त्या सकाळी ज्यांचा निर्णय झालेला असतो त्यांनाच जागा मिळते. बाकीच्यांची चर्चा संपेपर्यंत गाडी भरलेली असते. वरठीचे भंडारा रोड स्थानक मुंबई-हावडा मुख्य मार्गावर आहे. देशाच्या दोन्ही टोकांकडे जाणारी वाट आपल्या दारावरून जाते, तिचा उपयोग करणे आपल्या हाती आहे.

दूर जाऊ नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. काशी पाहावी, कन्याकुमारी पाहावी. तेथे १९७० मध्ये पूर्ण झालेले विवेकानंद शिलास्मारक पाहताना मुलांना जरूर सांगावे की ते उभारणारे एकनाथजी रानडे आपल्याच विदर्भातले, अमरावती जिल्ह्यातील टिमटाळ्याचे. ज्याला शक्य आहे त्याने परदेशही पाहावा. पण वैनगंगेच्या घाटावर बसून जिने नदी पाहिली आहे, त्या मुलीला गंगा अधिक उमगेल. पवनीचा स्तूप पाहिलेला मुलगा सांचीत उभा राहून योग्य प्रश्न विचारील.

दिवाळीच्या सुट्टीला अवधी असतानाच आज रात्री जेवणानंतर दिनदर्शिका खाली उतरवा. पहिली खूण पवनीची करा, आणि ती मुलांच्या हातून होऊ द्या.