झाशीतील घरमाश्या: उष्णतेइतकाच ओलाव्याचा प्रश्न

बुंदेलखंडातील झाशी शहर कडक उन्हाळ्यासाठी ओळखले जाते. मे २०२४ मध्ये तेथील पारा ४९ अंश सेल्सिअसच्या घरात पोहोचला होता. तापमान वाढले की घरमाश्याही वाढतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. झाशीच्या हवामानात मात्र ती अर्धीच खरी ठरते.

घरमाशीची मादी एका वेळी सुमारे १०० ते १५० अंडी घालते आणि आयुष्यात असे अनेक वेळा करते. ओल्या शेणात किंवा कुजत्या कचऱ्यात अंड्यातून एका दिवसात अळी बाहेर पडते. तापमान ३० ते ३५ अंशांच्या आसपास असेल, तर अळी आणि कोष या अवस्था पार करून ७ ते १० दिवसांत नवी माशी तयार होते. थंडीत याच प्रवासाला कित्येक आठवडे लागतात, तर १२ अंशांखाली वाढ जवळजवळ थांबते. दुसऱ्या टोकाला, ४५ अंशांपुढे अळ्या आणि माश्या फार काळ तग धरत नाहीत. शिवाय उन्हाने शेण वाळले की अळ्यांना अन्न व ओलावा दोन्ही मिळत नाहीत.

त्यामुळे उत्तर भारताच्या मैदानी भागात माश्यांचा सुळसुळाट साधारणपणे वसंत ऋतूत आणि पावसाळ्यात जाणवतो. झाशीत जूनच्या अखेरीस पाऊस येतो, तापमान उतरते आणि साचलेले शेण पुन्हा ओले होते. प्रजननास याहून अनुकूल स्थिती नाही.

येथे बुंदेलखंडातील ‘अन्ना’ प्रथेचा संदर्भ महत्त्वाचा ठरतो. रब्बीची कापणी झाल्यावर गुरे मोकाट सोडण्याची ही जुनी रीत आहे. २०१९ पासून उत्तर प्रदेश सरकारने अशा गुरांसाठी आश्रयस्थळे उभारण्यावर भर दिला. पिकांच्या रक्षणासाठी हा उपाय असला, तरी पूर्वी शेतोशेती विखुरणारे शेण त्यामुळे एका जागी साचते.

प्रश्न केवळ उपद्रवाचा नाही. पाकिस्तानात झालेल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माश्यांचे नियंत्रण केलेल्या गावांत मुलांमधील अतिसाराचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले होते. तेथे फवारणीचा उपयोग झाला. परंतु घरमाशी कीटकनाशकांना लवकर सरावते, हेही जगभर दिसून आले आहे.

हवामानबदलाने या चित्रात भर पडते. दक्षिण इंग्लंडमध्ये २०८० पर्यंत माश्यांची संख्या २४४ टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असा अंदाज ब्रिटिश संशोधकांनी २००५ मध्ये वर्तविला होता. थंड प्रदेशाचे हे गणित झाशीला जसेच्या तसे लागू होत नाही. येथे उन्हाळा आणखी तापला, तर मे महिन्यात माश्या कमी होऊ शकतात. सौम्य हिवाळा मात्र त्यांचा हंगाम लांबवू शकतो.

हवामान स्थानिक प्रशासनाच्या हाती नाही, शेण आणि कचरा आहे. माशीचे जीवनचक्र आठवडाभरात पूर्ण होत असल्याने उचल त्याहून लवकर व्हावी लागते. खताचा ढीग झाकून ठेवल्यास आतील उष्णतेनेच अळ्या मरतात. ही तयारी पहिल्या पावसापूर्वी झाली, तरच तिचा पुरेसा उपयोग आहे. महाराष्ट्रातील गोठ्यांना आणि कुक्कुटपालन केंद्रांनाही हाच नियम लागू पडतो.