तंबोऱ्याची जवारी

१९८४ च्या आषाढीस आम्ही सहकुटुंब कोल्हापूरहून पंढरीस निघालो, तेव्हा आमच्या सामानात एक मोठी जोखमीची वस्तू होती. आमच्या गल्लीतील विठ्ठलमंदिराचा तंबोरा! कित्येक महिने त्याचा आवाज बद्द येत होता. मिरजेस गाडी बदलावीच लागे. पंढरपूरची छोटी गाडी सुटण्यास अवकाश असे. तेवढ्या वेळात तंबोरा सतारमेकर गल्लीत दुरुस्तीस टाकावा आणि परतताना घेऊन जावा, असा आजोबांचा बेत होता.

दुकानात शिरताच दिसले ते आढ्याला टांगलेले सुके भोपळे. आजी सोवळ्याचे निमित्त सांगून बाहेर ओट्यावरच बसली होती. कारागीर मुसलमान, हे खरे निमित्त. तेथूनच तिने विचारले, "एवढे भोपळे आणता कुठून?" वृद्ध कारागीर हसून म्हणाले, "आजी, तुम्ही निघालात तिकडूनच. मंगळवेढे, पंढरपूर, भीमेच्या काठचे." आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग पदर सावरून आत आली आणि चटईच्या कडेला टेकली.

चाचांनी तंबोरा मांडीवर घेतला, चारही तारा एकदा छेडल्या आणि आजोबांना म्हणाले, "बुवा, टाकून जाऊ नका, बसा. जवारी उतरली आहे, बाकी वाद्य निरोगी आहे." घोडीचा माथा वरवर सपाट दिसला, तरी त्याला अगदी अल्प असा उतार असतो. तार त्या उतारावर अलगद टेकते, थरथरते आणि त्यातून नादाचे वलय उठते. वर्षानुवर्षे तार घासून तेथे खाच पडते व नाद कोंडतो. चाचांनी तारा सैल करून बाजूस सारल्या आणि कानशीने घोडीचा माथा घासावयास आरंभ केला. दोनचार हात फिरवायचे, भुकटी फुंकरायची, तार चढवायची, कान लावायचा, पुन्हा उतरवायची. असे किती वेळा झाले, याची आम्हा भावंडांना मोजदाद राहिली नाही. हाताशी ना पट्टी होती ना माप. शेवटी त्यांनी सुताचा एक धागा तारेखाली घातला आणि केसाकेसाने पुढे सरकवू लागले. एका जागी तो आला मात्र, आणि ती बद्द तार एकाएकी बोलू लागली! आजोबांनी डोळे मिटले. छोटी गाडी अर्थातच चुकली; त्याबद्दल वडील दिवसभर कुरकुरत होते.

हे घराणे मूळचे शिकलगारांचे, तलवारींना धार लावणाऱ्यांचे. शस्त्रांचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, पटवर्धनांच्या मिरजेत फरीदसाहेबांनी हा वाद्यांचा धंदा उभा केला. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई त्याच गावी राहिले, ते काही उगाच नव्हे. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदच आहे. परंतु मानांकनाने नाव राखले जाते. हात राखायचे तर त्यांना काम द्यावे लागते. ते देणारे कोण? गवई किती असणार! गावोगावची मंदिरे व भजनी मंडळे मात्र शेकड्यांनी आहेत.

आणि तेथे आज काय दिसते? कळ दाबली की सूर धरणारे यंत्र. यंत्राला आम्ही नावे ठेवीत नाही. घरी एकट्याने रियाज करणाऱ्यास ते उपकारकच आहे. पण ज्या मंदिरात कमानीला व ध्वनिक्षेपकाला हजारो रुपये सहज निघतात, तेथे जवारी काढून आणण्याचा खर्च 'परवडत नाही' म्हणून कसा नाकारला जातो? भीमाकाठचा भोपळा, मिरजेच्या कारागिराचा कान आणि देवापुढे उभा राहणारा सूर, ही एक साखळी आहे. तिची आपल्या बाजूची कडी आपणच सोडीत आहो.

हे लिहिण्याचा आम्हांस अधिकार किती, असे वाचक विचारतील. तो फारसा नाही. आमच्या मंदिराच्या बैठकीत यंत्र घेण्याचा ठराव झाला, तेव्हा आम्हीही हात वर केला होता. तंबोरा गवसणी घालून खुंटीला लागला तो लागलाच. या आषाढीच्या तयारीत गवसणी काढून पाहिली. दोन तारा गंजलेल्या, एक खुंटी तुटलेली, तारेखालचा धागा कुजून गेलेला. भोपळ्याला मात्र तडा नाही. छोटी गाडी केव्हाच गेली. आता मोठ्या गाडीने शनिवारी मिरजेस निघतो आहो, आणि या खेपेस परतीची वेळ पाहिलेली नाही.