गांधीलमाशी, बोळा आणि काका

दिवाळीत चिखली-मेहकर-खामगावकडे घरी जाणार असाल तर हे दृश्य दिसू शकतं. जुन्या घराच्या भिंतीतल्या भोकातून तांबूस माश्या ये-जा करतायत, खाली एक काका बांबूला बोळा गुंडाळतायत (रॉकेल मिळेनासं झालं म्हणून आता डिझेलचा) आणि बाकीचं घर सल्ले देतंय. माझं स्पष्ट मत: हे म्हणजे एरर मेसेज न वाचताच मशीन फॉरमॅट मारणं.

मुळात ती आहे कोण? झाडाच्या उंच फांदीला, पाण्याच्या टाकीखाली किंवा देवळाच्या कपारीला एकच मोठं उघडं पोळं लोंबतंय, ते आग्यामोहोळ. सज्जाखाली कागदाच्या छत्रीसारखं छोटं पोळं आणि बारीक कमरेच्या, पाय लोंबकळत उडणाऱ्या माश्या, ती साधी गांधीलमाशी. आणि भिंतीच्या किंवा जमिनीच्या पोकळीत राहणारी, तांबूस-तपकिरी, पोटावर पिवळा पट्टा असलेली थोराड बाई म्हणजे व्हेस्पा ओरिएन्टॅलिस. (तिच्या पट्ट्यातलं रंगद्रव्य वापरून तेल अवीवच्या संशोधकांनी २०१० साली चक्क सोलर सेल बनवला होता. असो.)

ओळख लागली की वागणं ठरतं. आग्यामाशीचा काटा अंगात रुततो, त्यातून सुटणाऱ्या वासाने बाकीच्या तिथेच तुटून पडतात. हात झाडत उभं राहू नका, तोंड झाकून घरात किंवा गाडीत पळा. काटा नंतर नखाने लगेच खरवडून काढा. गांधीलमाशीचा काटा गुळगुळीत, त्यामुळे ती एकटीच पुन्हा पुन्हा डसते.

छत्रीवालीला तर राहू द्या, असं मी म्हणेन. ती पिल्लांना अळ्या आणून घालते, आणि कपाशीच्या वावरात अळ्या कोणाला हव्या आहेत? भिंतीतलीची गोष्ट वेगळी. दाराशी पोळं असेल, घरात लहान मुलं असतील, तर ते काढावंच लागतं. पण भोक सिमेंटने बुजवू नका, दुसरी वाट थेट स्वयंपाकघरात निघू शकते! आणि बोळा तर नकोच: जुनं लाकूड, शिडीवरचा माणूस, चवताळलेल्या माश्या. अंगभर पोशाख असलेला पेस्ट कंट्रोलवाला तालुक्याहून बोलवावा लागला तरी बोलवा. तोवर त्या बाजूला पोरांना फिरकू देऊ नका.

एक-दोन डंखांना बर्फ पुरतो. पण अंगभर गांध्या, जीभ-चेहरा सुजणं, धाप, चक्कर यातलं काही दिसलं तर अॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, तेही मिनिटांत. १०८ लावा. डंख खूप असतील तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठा, विषाने किडनीवर नंतर परिणाम होऊ शकतो. डंखावर लोखंड घासणाऱ्या आजीला हवं तर सोबत घ्या, पण गाडी आधी काढा.