विमानातला हिशेबनीस

माझ्या धाकट्या पुतण्याला बढती मिळाली आणि त्याने स्वतःलाच एक घड्याळ बक्षीस दिले. काळी तबकडी, ठसठशीत पांढरे आकडे, बाराच्या जागी त्रिकोण, त्याच्या दोन बाजूंना दोन ठिपके, आणि जाड हातमोजा घालूनही फिरवता येईल एवढी मोठी चावी. आत बॅटरी नाही, स्प्रिंगवर चालणारे. सोबतच्या पुस्तिकेत ढगांतून झेपावणारे विमान आणि चामडी जाकिटातला, दूर क्षितिजाकडे पाहणारा देखणा वैमानिक. किंमत मी विचारली नाही. ती त्याच्या आईने आपणहून सांगितली, आणि तिला ती अजून पचलेली नाही हे तिच्या आवाजावरूनच कळले.

"काका, कसं आहे?"

"छान आहे. दिवसाला किती पुढे जातं?"

"पुढे कसं जाईल? एवढे पैसे मोजलेत!"

त्याच्या या उत्तराने मला लिहायला बसवले. कारण ज्यांच्यासाठी ही घड्याळे प्रथम बनली, त्यांनी हे उत्तर कधीच दिले नसते. आपले घड्याळ किती चुकते, हे त्यांना रोजच्या रोज ठाऊक असे. त्यांचे प्राण त्या माहितीवर अवलंबून होते.

पहिली गोष्ट म्हणजे, हे घड्याळ त्या पुस्तिकेतल्या देखण्या गृहस्थाचे नव्हे. त्रिकोण आणि दोन ठिपक्यांची ही तबकडी दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन हवाई दलाची. ते मूळ घड्याळ तब्बल ५५ मिलिमीटर व्यासाचे होते, जाकिटाच्या बाहीवरून बांधायचे. त्याच्या जर्मन नावाचा अर्थ 'निरीक्षणाचे घड्याळ' असा होतो. ब्रिटिश हवाई दलाने १९४८ साली 'मार्क ११' नावाचे घड्याळ बनवून घेतले. स्वित्झर्लंडच्या आयडब्ल्यूसी आणि जेगर-लकूल्त्र या दोन कंपन्यांनी ते बनवले. सरकारदरबारी त्याची नोंद होती 'नॅव्हिगेटरचे मनगटी घड्याळ' अशी. नॅव्हिगेटर म्हणजे विमानात मागे, छोट्या टेबलापाशी नकाशा, पेन्सिल आणि वही घेऊन बसणारा माणूस. त्याला कोणी सिनेमाचा नायक केला नाही. पण वेग किती, दिशा कोणती, मागच्या नोंदीपासून मिनिटे किती झाली, म्हणजे आपण आता कुठे आहोत, हा हिशेब तो सारखा मांडत असे. विमानातला हिशेबनीसच म्हणा ना! आयुष्य बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला त्याच्याविषयी आपुलकी वाटते, ती यामुळेच.

रात्री समुद्रावर खाली खूण कसली दिसणार? मग तो सेक्स्टंटमधून ताऱ्याची उंची मोजायचा आणि त्याच क्षणी घड्याळ पाहायचा. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. चार सेकंदांत ती विषुववृत्तावर एक सागरी मैल, म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर सरकते. घड्याळ एका मिनिटाने चुकले तर नकाशावरची आपली जागा पंधरा सागरी मैल चुकली, जवळजवळ २८ किलोमीटर. इंधन संपत आलेले असताना आणि धावपट्टी एखाद्या बेटावर असताना २८ किलोमीटर म्हणजे काय, हे सांगायला नको.

आता कोणालाही वाटेल, की मग घड्याळ अगदी बिनचूक हवे. पण स्प्रिंगवरचे घड्याळ बिनचूक नसतेच. थंडीत तेल दाटते, उन्हात स्प्रिंगचा ताण बदलतो. उताणे ठेवले तर एक चाल, उभे ठेवले तर दुसरी. पूर्वी घरोघरी माहीत होते, की घड्याळ पुढे जात असेल तर रात्री वेगळ्या कुशीवर ठेवून पाहावे, फरक पडतो. जाणत्या लोकांनी म्हणूनच बिनचूकपणाचा हट्ट सोडला आणि दुसरेच काही मागितले: घड्याळ चुकू दे, पण रोज सारखेच चुकू दे. दिवसाला चार सेकंद पुढे जाणारे घड्याळ दहाव्या दिवशी चाळीस सेकंद पुढे असणार. तेवढे वजा केले की वेळ हातात. आज दोन सेकंद पुढे, उद्या तीन मागे असे चंचल घड्याळ मात्र, चूक लहान असूनही, त्याला निरुपयोगी.

मार्क ११ च्या परीक्षा याच तत्त्वावर घेतल्या जात. इंग्लंडमधल्या हर्स्टमन्सो इथल्या राजवेधशाळेत हे घड्याळ ४४ दिवस तपासले जाई. पाच वेगवेगळ्या स्थितींत ठेवून आणि उणे ५ पासून ४६ अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानात. विमानातल्या यंत्रांच्या चुंबकत्वाने केसासारख्या बारीक स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावत सुटते, म्हणून आतल्या यंत्राभोवती मऊ लोखंडाची डबी. हवेचा दाब एकाएकी कमी झाला तरी उडू नये म्हणून काच पक्की बसवलेली. उड्डाणापूर्वी सर्वांची घड्याळे जुळवता यावीत म्हणून चावी बाहेर ओढताच सेकंदकाटा थांबण्याची सोय. एवढे करून आकार केवळ ३६ मिलिमीटर. घड्याळ सरकारचे, त्यावर सरकारी बाणाची खूण. वापरणाऱ्याने सही करून घ्यायचे आणि परत करायचे. १९८१ पर्यंत ते सेवेत होते.

त्याआधी अमेरिकेत वीम्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने याहून साधी युक्ती काढली होती. १९२७ साली न्यूयॉर्कहून एकट्याने पॅरिस गाठणाऱ्या लिंडबर्गने पुढच्याच वर्षी त्याच्याकडे दिशाज्ञानाचे धडे घेतले. रेडिओवरच्या वेळेच्या ठोक्याशी सेकंदकाटा जुळवायचा कसा, हा तेव्हाचा प्रश्न. वीम्सने काट्याला हात लावलाच नाही. सेकंदांची तबकडीच फिरती केली. यंत्र आपल्या चालीने चालू दे, आपण आपले वाचन सुधारू. यात मला मोठे शहाणपण दिसते.

आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्या छोट्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. वैमानिक तेच, नॅव्हिगेटरही तेच. वेग, वेळ आणि दिशा यांचा मेळ त्यांनाच घालायचा होता. आपल्या हवाई वाहतुकीची सुरुवात अशी पाटी-पेन्सिलच्या हिशेबाने झाली आहे.

चुकीची नोंद ठेवण्याचे महत्त्व मला मात्र घड्याळाने शिकवले नाही. ऐंशीच्या दशकात मी तालुक्याच्या एका शाखेत अधिकारी होतो. आमच्या कॅशियरची कॅश रोज पैशापर्यंत जुळायची. आम्हाला त्याचे केवढे कौतुक! एकदा एक म्हातारी दुसऱ्या दिवशी परत आली. म्हणाली, "साहेब, शंभराची एक नोट कमी आली." मी दिवसाचे पुस्तक उघडून तिला दाखवले. "आजी, आमची कॅश जुळलेली आहे." ती काही न बोलता निघून गेली. पुढे तपासणी झाली तेव्हा कॅशियरच्या खणात एक डबी निघाली. जास्त आले की डबीत टाकायचे, कमी पडले की डबीतून काढायचे. त्याने स्वतःसाठी एक रुपयाही घेतला नव्हता. त्याला फक्त फरक दाखवायची लाज वाटत होती. पण कोणत्या दिवशी कोणाचे किती, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हते. फरक लिहिला असता तर तो शोधता आला असता. फरकाला नऊने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी, हे नवा कारकूनही पहिल्या महिन्यात शिकतो. न लिहिलेल्या फरकाला मात्र भाग जात नाही. ती म्हातारी मला अजून आठवते.

कोणी म्हणेल, आता याचे काय? १९६९ मध्ये क्वार्ट्झ घड्याळ आले आणि आज शेदोनशे रुपयांचे घड्याळही या महागड्या स्प्रिंगपेक्षा अचूक चालते. खिशातला मोबाइल उपग्रहाकडून वेळ घेतो. खरे आहे. पण युद्धक्षेत्रांच्या आसपास विमानांना उपग्रहांचे खोटे संकेत मिळू लागले आहेत. अमेरिकेच्या नौदल अकादमीने बंद केलेले ताऱ्यांवरून दिशा काढण्याचे शिक्षण २०१५ मध्ये पुन्हा सुरू केले, तेही अशाच काळजीपोटी. जे यंत्र कधी चुकत नाही असे आपण धरून चालतो, त्याची चूक ओळखायची सवयच आपल्याला उरत नाही. शंभर टक्के निकालाची शाळा, एकही तक्रार नसलेले कार्यालय, नेहमी जुळणारा ताळेबंद पाहिला की मला तो खण आठवतो.

हौसेला माझा विरोध नाही. पहिल्या पगारातून मीही काळ्या तबकडीचे एचएमटी 'पायलट' घेतले होते. विमानात पाऊल ठेवायला त्यानंतर बरीच वर्षे लागली. एचएमटीचे घड्याळ कारखाने बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला, पण माझे घड्याळ अजून रोज सकाळी चावी मागते. माझे म्हणणे एवढेच, की जाहिरातवाले आपल्याला वैमानिकाचे जाकीट विकतात आणि नॅव्हिगेटरची वही गाळतात. लाखभर मोजून आपण रुबाब घरी आणतो. ४४ दिवसांच्या त्या परीक्षेतला प्रामाणिकपणा दुकानातच राहतो.

हे सारे मी पुतण्याला सांगितले. तो हसला, विषय बदलला. पंधरा दिवसांनी फोन आला.

"काका, रोज सकाळी आठला रेडिओशी लावून बघतोय. पाच ते सहा सेकंद पुढे जातं. लिहून ठेवलंय."

"रोज तेवढंच?"

"रविवारी नऊ होतं. का ते अजून कळलं नाही."

"तेही लिहून ठेव," मी म्हणालो.