वेग नको, बदलाचं बोला

डोंबिवलीत ‘डीएनएस’ म्हटलं की लोकांना आधी नागरी सहकारी बँक आठवते. मी सांभाळते तो डीएनएस वेगळा, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणारा. ठाणे-कल्याण पट्ट्यातले दुकानदार, क्लासवाले आमचे ग्राहक; कुणी ना कुणी रोज काहीतरी बदलतंच.

डीएनएस सर्व्हरचं सॉफ्टवेअर निवडताना सगळे विचारतात, सेकंदाला उत्तरं किती? माझ्या मते प्रश्नच चुकतो. एक नोंद बदलली तर काय काय करावं लागतं, ते विचारा. टायनीडीएनएस हा सर्व्हर अख्खी डेटा फाइल नव्याने बांधतो. लाखो नोंदींत एका ओळीसाठी एवढा खटाटोप? बाइंड हा दुसरा सर्व्हर चालू असतानाच बदल घेतो, जर्नलमध्ये टिपतो आणि दुय्यम सर्व्हरला फक्त फरक पाठवतो. या आयएक्सएफआर पद्धतीचं मानक १९९६ सालचं, तरी कित्येक ठिकाणी ती वापरातच नसते.

पॉवरडीएनएस नोंदी थेट मायएसक्यूएलमधून वाचतो. पण दुय्यम सर्व्हरला पाठवताना अख्खा झोन, म्हणजे एका डोमेनच्या सगळ्या नोंदी, पाठवतो. म्हणून आमच्यासारख्या लहान लहान झोनांच्या ढिगाला तो उत्तम. एकाच अवाढव्य झोनला मी बाइंड घेईन, किंवा चेक प्रजासत्ताकाच्या डोमेन नोंदणीसंस्थेने लिहिलेला नॉट. दोन्हीकडे जगासमोर मात्र एनएसडी हा फक्त उत्तरं देणारा सर्व्हर उभा करावा. मागचा सर्व्हर किंवा डेटाबेस मध्यरात्री बसला तरी एनएसडी उत्तरं देत राहतो.