सुपरहिरोचं पासबुक

गेली बावीस वर्षं मी बँकेत बसून दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे. निदान रविवारी तरी कुणी माझ्यासमोर पैशाचं नाव काढू नये, एवढी माझी माफक अपेक्षा असते. पण माझा भाचा दर रविवारी चार मित्र घेऊन येतो, आमचं जेवणाचं टेबल बळकावतो आणि वीस बाजूंचे फासे टाकत ही पाच पोरं संध्याकाळपर्यंत न्यूयॉर्क वाचवत बसतात. खेळ अमेरिकन. चौघांनी एकेक सुपरहिरो व्हायचं आणि पाचव्यानं देव, खलनायक, पोलीस, पोस्टमन आणि घरमालक अशी उरलेली सगळी कामं बघायची. त्याला गेममास्टर म्हणतात. तो म्हणजे आमचा भाचा. न्यूयॉर्क वाचल्यावर कपबशा उचलायचं काम मात्र अजून माझ्या बायकोकडेच आहे.

इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण एका रविवारी भाच्यानं दोनशे पानी वही माझ्यासमोर ठेवली.

“मामा, तुम्ही बँकेतले. सगळ्या हिरोंचे हिशेब ठेवाल का? पगार, घरभाडं, पोशाखाची धुलाई, सगळं. म्हणजे खेळ कसा खरा वाटेल!”

मी बी.कॉम. माणूस. कोरी वही दिसली की हात आपोआप समास आखतो. दोन रविवार मी इमानानं जमा-खर्च लिहिला. दुसऱ्या रविवारी एका हिरोला दोरी घ्यायची होती. ती किती फूट, काय भावानं आणि आधीच्या पगारातून काय शिल्लक, हे ठरेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. तेवढा वेळ एक इमारत पडायची थांबली होती. त्या दिवसापासून माझं जे ठाम मत झालं आहे, ते कुणाचीही भीडभाड न ठेवता सांगतो: सुपरहिरोच्या खेळात पै-पैचा हिशेब ठेवणं हा शुद्ध गाढवपणा आहे.

अहो, ही हिशेबाची खोड मुळात दुसऱ्या घरातून आली. 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला. त्यातले वीर भुयारात उतरायचे तेच सोन्यासाठी. आरंभीच्या नियमांत तर आणलेल्या सोन्याच्या नाण्यांवरच त्यांचा अनुभव मोजला जाई. तिथे हिशेब हवाच, कारण तो धंदाच आहे! पण सुपरहिरोला दरोडेखोराची थैली सापडली तर तो ती परत करतो. न केली तर तो काउंटरच्या पलीकडचा झाला, मग त्याच्यासाठी वेगळी पोरं आणि वेगळे फासे. जो धंदा माणूस करतच नाही, त्याचा ताळेबंद काय मांडायचा?

खेळ बनवणाऱ्यांना हे आपल्या आधी कळलं होतं. मार्व्हलच्या खेळाची मोठी आवृत्ती 1986 साली आली. तीत पैसा मोजतच नाहीत. माणसाच्या ऐपतीला एक पायरी, वस्तूच्या किमतीला एक पायरी. वस्तू फारच खालच्या पायरीवरची असेल तर मुकाट घ्या, बरोबरीची असेल तर फासा टाका आणि देवाचं नाव घ्या. ‘म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स’ हा 2002 साली निघालेला खेळ आमच्या टेबलावर चालतो. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत नेहमीच्या नव्या हिरोला दीडशे गुण मिळतात. त्यातला एक गुण श्रीमंतीवर टाकला की माणूस खाऊनपिऊन सुखी, तीन टाकले की लक्षाधीश आणि पाच टाकले की अब्जाधीश. पाच गुणांत अब्जाधीश! आमच्याकडे प्रमोशनच्या परीक्षेत पाच गुणांत निरीक्षकाची सहानुभूतीसुद्धा मिळत नाही.

यावर वहीवाल्यांचा आक्षेप ठरलेला: “मग तो अब्जाधीश उद्या रणगाडा विकत घेईल!” नाही घेणार. लढाईत कामाला येणारी वस्तू, मग ते चिलखत असो की गाडी, की डोंगराखालचा अड्डा, तिचे गुण वेगळे मोजावे लागतात. पैसा असला की कोट उंची येतो, गुद्दा नव्हे. वेन कुटुंबाची इस्टेट बॅटमनची गाडी आली कुठून एवढंच सांगते, गाडीचं बिल गुणांतच फाडायचं. नाहीतर ज्या गरिबानं भिंतीवर चढण्यापायी आपले गुण ओतले, त्यानं काय घोडं मारलं होतं? हा नियम ज्यानं काढला त्याला मी आमच्या कर्ज विभागात बसवला असता.

दुसरा आक्षेप मात्र तगडा आहे, तो मी टाळणार नाही. हिशेब गेला तर गरिबीही जाईल, आणि घरभाड्याची काळजी नसलेला स्पायडरमॅन काय कामाचा? बरोबर. पण मूळ चित्रकथांत गरिबी येते कशी ते बघा. 1963 साली त्याच्या मासिकाच्या पहिल्याच अंकात हा स्पायडरमॅन आपल्या नावाचा चेक घेऊन बँकेत गेला. क्लार्क म्हणाला, ओळखीचा पुरावा दाखवा. पुरावा काय, तर अंगावरचा पोशाख! क्लार्कनं चेक परत केला, आणि व्यवसायबंधू म्हणून मी आज जाहीर करतो की त्याचं काहीही चुकलं नाही. 1962 साली ‘फॅन्टास्टिक फोर’ या मंडळींचे पैसे शेअर बाजारात बुडाले आणि त्यांना चक्क सिनेमात काम धरावं लागलं. 1973 साली ल्यूक केज हा फी घेणारा हिरो दोनशे डॉलरच्या थकबाकीसाठी रॉकेट उसनं घेऊन डॉक्टर डूमच्या देशात जाऊन थडकला. (आमच्या वसुली विभागानं याची तसबीर लावावी.) आता यांतल्या कुणाची वही कुणी पाहिली आहे? गरिबी तिथे महिनाअखेरीच्या बेरजेत येत नाही. ती नेमकी नको त्या वेळी दार वाजवते. आणि असं दार वाजलं की आमच्या खेळात त्या हिरोला एक जादा गुण बक्षीस मिळतो. म्हणजे गरिबीवर व्याज! ते कुठल्या बँकेत मिळतं?

एवढं सगळं मी मनातल्या मनातच भांडत होतो. तिसऱ्या रविवारी मात्र तोंड उघडावं लागलं.

त्या चौघांत एक शांत मुलगा आहे, वय सतरा. त्याच्या वडिलांचा कारखाना दोन वर्षांपूर्वी बंद पडला. त्यानं दीडशेतले तीन गुण श्रीमंतीवर टाकले होते, आणि त्या दिवशी तो म्हणाला, “माझा हिरो आईसाठी घर घेतो. तळमजल्यावर. तिचे गुडघे दुखतात.”

भाच्यानं वही उघडली. “रोख किती? बाकीच्याला कर्ज काढणार का? मामा, एवढ्या उत्पन्नावर हप्ता किती बसेल?”

मी कॅल्क्युलेटर काढेपर्यंत त्या मुलानं आकडा सांगून टाकला. मी ताडून पाहिला. बरोबर होता. सतराव्या वर्षी हप्त्याचं गणित इतकं तोंडपाठ असायचं काही कारण नाही. मग त्यानंच खोडरबर उचललं. “राहू दे. भाड्याचंच ठीक आहे.”

“अरे, काय राहू दे?” मी इतक्या जोरात म्हटलं की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. “त्यानं तीन गुण भरलेत की नाही? भरलेत. मग पावती झाली! घर दिलं. तळमजला दिला. पुढे चला.”

“पण मामा, वहीत...”

“वही बंद.”

भाचा दोन रविवार माझ्यावर रुसला होता. वहीत आता दुधाचा हिशेब चालतो, समास आयतेच आखलेले मिळाले म्हणून बायको खूश आहे. आणि गेल्या रविवारी एका खलनायकानं त्या तळमजल्याच्या घराची रस्त्याकडची भिंत पाडली. दुरुस्तीला किती खर्च येईल, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. तो शांत मुलगा खुर्ची मागे सारून उभा राहिला, मूठभर फासे उचलले आणि म्हणाला, “आई आत आहे. आधी माझी पाळी.”