आकाश जनतेचे, सामना मात्र पैसेवाल्यांचा!

क्रिकेटचा विषय निघाला की आपल्या चळवळीतील अनेक कार्यकर्ते नाक मुरडतात. तो उच्चवर्णीयांचा आणि भांडवलदारांचा खेळ, त्याच्याशी आपले काय देणेघेणे, असे म्हणून विषय झटकून टाकतात. पण भारत-पाकिस्तान सामना असला की याच कार्यकर्त्यांच्या वस्तीत समाजमंदिरासमोरचा रस्ता ओस पडतो, हे ते सोयीस्करपणे विसरतात. खेळ कोणाचा, हा वाद सवडीने घालू. (चर्मकार समाजातील पळवणकर बाळू यांनी १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले होते, एवढे त्या वादापुरते ध्यानात ठेवावे.) आजचा प्रश्न निराळा आहे. ज्या लहरींवरून तो सामना घराघरांत येतो, त्या लहरी कोणाच्या मालकीच्या?

या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी देऊन ठेवले आहे. १९९३ च्या हिरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात भांडण लागले होते. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते आणि न्यायमूर्ती जीवन रेड्डी होते. १९९२ च्या मंडल निकालात ओबीसींचे आरक्षण वैध ठरवणाऱ्या न्यायमूर्तींपैकी हे दोघे! सावंत साहेब पुढे २०१७ च्या एल्गार परिषदेच्या निमंत्रकांत होते, हे वाचकांना सांगायला नको. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती मर्यादित आहे आणि तिचा वापर जनतेच्या हितासाठीच झाला पाहिजे, असे या निकालाने बजावले. प्रसारण करणाऱ्याच्या हक्कापेक्षा पाहणाऱ्या-ऐकणाऱ्याचा हक्क श्रेष्ठ, असेही त्यात आहे.

हा निकाल खाजगी वाहिन्यांच्या मालकांनी अर्धाच वाचला. सरकारची मक्तेदारी मोडली, एवढे त्यांनी उचलले. सरकारची मक्तेदारी जाऊन मूठभर धनदांडग्यांची येता कामा नये, हा उरलेला अर्धा भाग बासनात गुंडाळला गेला. याचा अर्थ दूरदर्शन आपले होते असा नाही. ज्या दूरदर्शनने रामायण-महाभारत दाखवून देशाची हवा बदलून टाकली, त्याचे गोडवे गाण्याचे आपल्याला कारण नाही. पण तेथे सामना पाहायला दरमहा पैसे मोजावे लागत नव्हते, ही वस्तुस्थिती आहे. नंतर खाउजाच्या धोरणात पैसे भरून पाहण्याच्या खेळवाहिन्यांचे पेव फुटले आणि सामना ही विकत घेण्याची वस्तू झाली.

२१ जानेवारी २००७ रोजी नागपूरला भारत आणि वेस्ट इंडिज यांचा एकदिवसीय सामना झाला. हक्क निम्बस कंपनीकडे, वाहिनी तिची निओ स्पोर्ट्स. दूरदर्शनला थेट प्रक्षेपण मिळाले नाही. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे त्या शहरात सामना चालू होता, आणि त्याच शहरातील केबल नसलेल्या मजुराच्या घरी त्याचे चित्र नव्हते. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा पुढच्या सामन्यासाठी तडजोड निघाली : दूरदर्शनने सात मिनिटे उशिराने दाखवावे. म्हणजे पैसेवाल्याला ताजा सामना आणि गरिबाला सात मिनिटे शिळा! शिळ्याचा अर्थ आपल्या समाजाला दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यावर ओरड झाली, सरकारला अध्यादेश काढावा लागला आणि २००७ चाच कायदा आला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावेच लागेल. त्यावरील जाहिरातीच्या उत्पन्नात ७५ टक्के वाटा हक्क विकत घेणाऱ्याचा, २५ टक्के प्रसार भारतीचा. चांगला कायदा होता. पण त्यात दूरदर्शनचे जमिनीवरील प्रक्षेपण आणि डीटीएच एवढ्याच दोन वाटांचा उल्लेख होता. केबलवरही दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे सक्तीचे असल्याने सामना तेथेही फुकट दिसू लागला. मग क्रिकेट मंडळ आणि वाहिन्या न्यायालयात गेल्या, आणि २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. कायद्याच्या शब्दांपुरता तो निकाल बरोबर असेलही. पण १९९५ चा आत्मा त्यात हरवला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या निकालानंतर काय झाले पाहा. जमिनीवरील प्रक्षेपणाचे जुने टॉवर प्रसार भारतीने २०२२ पर्यंत जवळजवळ सगळे बंद केले. अँटेना गेला. कायद्यातील दोन वाटांपैकी एक बुजली आणि उरली ती फक्त डीडी फ्री डिश. तिला मासिक वर्गणी नाही. ती चार कोटींच्या वर घरांत असल्याचा या धंद्याचाच अंदाज आहे, हे चांगलेच आहे. पण मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहणाऱ्या सफाई कामगाराने छत्री लावायची कोठे? त्याच्याकडे केबल असते. म्हणजे जो दरमहा पैसे भरतो, त्यालाच दूरदर्शनवरचा सामना बंद! २०१९ साली ट्रायची नवी दरपद्धती आली तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि सामन्याची स्टार स्पोर्ट्स वाहिनी हवी असेल तर आणखी १९ रुपये अधिक कर, असा हिशेब होता. दोन घरची भांडी घासणाऱ्या बाईने हा हिशेब कसा बसवायचा, याचा विचार दर ठरवणाऱ्यांनी केला नाही.

आता पैसा कोठे जातो ते पाहू. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एका सामन्याला शंभर कोटींहून अधिक! त्यात आयपीएल सक्तीने वाटून घ्यायच्या सामन्यांच्या यादीतच नाही. टीव्हीचे हक्क एका कंपनीकडे आणि मोबाईलचे दुसरीकडे होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्नेचा व्यवहार पूर्ण होऊन दोन्ही एकाच छताखाली आले. मोबाईलवर दोन हंगाम फुकट दाखवून लोकांना सवय लावली आणि २०२५ मध्ये वर्गणी मागितली. सावकार पहिल्या खेपेला व्याज घेत नाही, तशीच ही तऱ्हा!

आणि एवढा पैसा मिळवणारे क्रिकेट मंडळ आयकराच्या दृष्टीने कोण? धर्मादाय संस्था! आयपीएलमुळे मंडळाचा धर्मादाय दर्जा जात नाही, असे २०२१ च्या नोव्हेंबरात आयकर अपील न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने सांगितले. वानखेडे स्टेडियमची जमीन राज्य सरकारची, भाडेपट्ट्याने दिलेली. बंदोबस्ताला पोलिस आपले. त्या बंदोबस्ताचे शुल्क २०२३ साली राज्य सरकारने २०११ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने कमी केले. आमच्या मुलांची शिष्यवृत्ती पूर्वलक्षी प्रभावाने वाढल्याचे कोणी ऐकले आहे काय? जमीन जनतेची, पोलिस जनतेचे, लहरी जनतेच्या आणि गल्ला मात्र त्यांचा.

बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. चवदार तळेही महाड नगरपालिकेच्या १९२४ च्या ठरावाने कागदावर खुले झालेलेच होते. तरी पाणी मिळाले नाही, म्हणून १९२७ साली बाबासाहेबांना लोकांना घेऊन तळ्यावर जावे लागले. पाणी आणि क्रिकेट यांची बरोबरी आम्ही करीत नाही. कोणी करूही नये. पण सार्वजनिक म्हणून घोषित झालेली गोष्ट मूठभरांच्या कब्जात कशी राहते, याची रीत मात्र तीच आहे. शिवाय लहरींवरून फक्त क्रिकेट येत नाही. बातम्याही येतात, आणि आपल्या मोर्चाला त्या बातम्यांत किती सेकंद मिळतात हे आपण जाणतो.

माहिती व प्रसारण मंत्रालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये २००७ च्या कायद्यात दुरुस्तीचा मसुदा काढून हरकती-सूचना मागवल्या होत्या. दूरदर्शनची वाहिनी जेथे जेथे दाखवणे सक्तीचे आहे, तेथे तेथे तिच्यावरचा सामनाही दिसावा, असा त्याचा आशय होता. तो मसुदा कायदा झाला नाही. राखीव मतदारसंघांतून निवडून गेलेल्या महाराष्ट्रातील खासदारांपैकी एकाने तरी येत्या अधिवेशनात उभे राहून, तो कोणाच्या टेबलावर अडला, एवढे विचारावे.